ऑफिसच्या प्रिंटरला कायमचा पत्ता द्या: नेटवर्क जोडणी पहिल्यापासून

वाशीला सेक्टर १७ मध्ये आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. नऊ माणसं, आठ संगणक, एक प्रिंटर. आयटीसाठी वेगळा माणूस नाही. एका पावसाळ्यात, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या २० तारखेला, दुपारी दहा मिनिटं वीज गेली. परत आल्यावर संगणक सुरू झाले, इंटरनेटही आलं, पण आठही पडद्यांवर प्रिंटर ‘ऑफलाइन’. प्रिंटरवर मात्र हिरवा दिवा, पडद्यावर ‘रेडी’. बोलावलेला तंत्रज्ञ दीड तासाने आला, एका संगणकावरचा ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलायला लागणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकला आणि ८०० रुपये घेऊन गेला. उरलेले सात संगणक तसेच राहिले.

त्या रात्री थांबून मी कारण शोधलं. वीज गेल्यावर राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने सगळ्या यंत्रांना नव्याने नंबर, म्हणजे आयपी ॲड्रेस, वाटले. सकाळपर्यंत ७ नंबरवर असलेला प्रिंटर १२ वर गेला आणि ७ नंबर कुणाच्या तरी मोबाइलला मिळाला. आमचे संगणक कागद अजूनही ७ नंबरच्या दारात टाकत होते. प्रिंटर धड, ड्रायव्हर धड, फक्त पत्ता बदललेला.

लहान ऑफिसांतल्या प्रिंटरच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. तुमच्या गळ्यात हे काम पहिल्यांदाच पडलं असेल, तर खालच्या क्रमाने जा. शांतपणे केलं तर अर्धा दिवस पुरतो. महिन्याच्या २० तारखेला मात्र हात घालू नका.

एक सूचना आधीच देते. आकडे आणि टाइप करायचे शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. प्रिंटरमध्ये आणि संगणकावर ते इंग्रजीतच टाकायचे.

सुरुवात करण्याआधी हाताशी हवं

- राउटरचा ॲडमिन पासवर्ड. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. बहुधा राउटरच्या तळाशी चिकटपट्टीवर छापलेला असतो. कुणी बदलला असेल तर ज्याने राउटर बसवला त्याच्याकडून मिळवा.
- प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड. नव्या ब्रदर यंत्रांवर मागच्या बाजूच्या लेबलवर ‘पीडब्ल्यूडी’ या अक्षरांपुढे असतो. इतरांचा माहितीपुस्तिकेत सापडतो.
- वायफायचं नाव आणि पासवर्ड, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी लिहून घेतलेली.
- एक चांगली लॅन केबल, कॅट ५ई किंवा कॅट ६.
- ज्या संगणकांवर प्रिंटर जोडायचा त्यांचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत मोठी त्रुटी सापडली. त्यानंतरच्या अपडेटपासून, दुसऱ्या संगणकावरून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घेतानाही तो लागतो.
- वही आणि पेन. मोबाइलमधली नोंद चालणार नाही, कारण ही वही ऑफिसात राहायला हवी.

## १. केबल की वायफाय, ते ठरवा

जागा असेल तिथे केबलच लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रिंटर काही हातात घेऊन फिरायची वस्तू नाही. वायफायवर ठेवला की सिग्नल, पासवर्ड आणि बँड अशी आणखी तीन दुखणी मागे लागतात.

माझ्या नणंदेचा ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये गाळा आहे. प्रिंटर एका टोकाला, राउटर दुसऱ्या टोकाला, मध्ये मालाने भरलेले लोखंडी रॅक. शटर अर्धं खाली ओढलं की छपाई अडकायची. शेवटी तीस मीटर केबल भिंतीच्या कडेने ओढली आणि तो विषय मिटला. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. फक्त मोटरच्या किंवा मोठ्या विजेच्या वायरींना बांधून ती नेऊ नका.

वायफायच घ्यावं लागलं तर दोन गोष्टी बघा. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांच्या यादीत दिसतच नाही. आणि राउटरवर सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ ठेवला असेल तर जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडा. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वायफायवर प्रिंटर जोडू नका. तिथे यंत्रांना एकमेकांशी बोलता येऊ नये अशीच रचना असते.

## २. ऑफिसात नेटवर्क एक आहे की दोन, ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर दिवस घालवतात.

अनेक ऑफिसांत इंटरनेटवाल्याने बसवलेला एक डबा असतो आणि वायफाय पोचत नाही म्हणून साहेबांनी विकत आणलेला दुसरा राउटर. दोघेही आपापल्या परीने नंबर वाटत बसतात, म्हणजे एका छताखाली दोन नेटवर्क तयार होतात.

ओळखायचं असं. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ (cmd) टाइप करून काळी खिडकी उघडा, त्यात ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप करून एंटर दाबा. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’, ‘सबनेट मास्क’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ या तीन ओळी वहीत उतरवा. हेच केबलवरच्या एका आणि वायफायवरच्या एका संगणकावर करा. दोन्हीकडे गेटवे सारखा आला तर नेटवर्क एक. एकीकडे १९२.१६८.१.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.०.१ आला तर दोन.

दोन नेटवर्कांत प्रिंटर फसवा वागतो. तो बाहेरच्या डब्याला जोडलेला असेल आणि संगणक आतल्या राउटरवर असतील, तर नंबर टाकून दिलेली छपाई होते, कारण आतून बाहेर जायला वाट असते. पण प्रिंटर आपोआप सापडत नाही, आणि स्कॅन केलेला कागद संगणकात पोचत नाही, कारण बाहेरून आत यायला वाट नसते. ‘प्रिंट होतं पण स्कॅन होत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा.

उपाय: दुसऱ्या राउटरला त्याच्या सेटिंगमधून ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाका, म्हणजे तो नंबर वाटायचं थांबवून फक्त वायफाय पसरवेल. ते जमत नसेल तर निदान प्रिंटर आणि संगणक एकाच राउटरला जोडा.

## ३. प्रिंटरचा आत्ताचा पत्ता काढा

प्रिंटरच्या मेनूत ‘नेटवर्क’ किंवा ‘रिपोर्ट्स’खाली ‘कॉन्फिगरेशन पेज’ अथवा ‘नेटवर्क रिपोर्ट’ छापायची सोय असते. तो कागद छापा आणि जपून ठेवा. त्यावर आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, गेटवे आणि मॅक ॲड्रेस असतो. मॅक म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला बारा आकडे-अक्षरांचा क्रमांक.

कागदावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, प्रिंटरने राउटरकडे नंबर मागितला, उत्तर आलं नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता नंबर लावून घेतला. केबल सैल असणं हे एक कारण. दुसरं आमच्याकडे दर पावसाळ्यात घडायचं: वीज आल्यावर प्रिंटर लगेच जागा होतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात प्रिंटर विचारून मोकळा झालेला असतो. राउटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग प्रिंटर बंद करून चालू करा.

राउटर लहान यूपीएसवर ठेवला तर हा प्रकार खूप कमी होतो. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसला लावू नका. कागदावर टोनर पक्का करणारा त्याचा भाग तापताना एकदम खूप वीज ओढतो आणि यूपीएस बसतो.

## ४. कायमचा पत्ता द्या

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. सावकाश वाचा.

नवी मुंबईतला पत्ता आपण सेक्टर आणि प्लॉट नंबरने सांगतो. नेटवर्कचंही तसंच समजा. १९२.१६८.१.२०० या पत्त्यात पहिले तीन आकडे म्हणजे सेक्टर आणि शेवटचा २०० म्हणजे प्लॉट. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० एवढंच सांगतो की ‘पहिले तीन मिळून सेक्टर धरा’. अशा सेक्टरात १ ते २५४ हे प्लॉट यंत्रांना देता येतात. गेटवे म्हणजे सेक्टरबाहेर पडायचा रस्ता, आपला राउटर. प्रिंटर आणि संगणक एकाच सेक्टरात हवेत, आणि एका प्लॉटवर दोन यंत्रं नकोत. एवढे दोन नियम पाळले की झालं.

आता राउटरचं पान उघडा. ब्राउझरमध्ये गेटवेचा नंबर टाकायचा. अनेक राउटरांवर तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या राउटरवर बहुधा १९२.१६८.२९.१. तुमच्या वहीत आलेला नंबर खरा धरा. आत ‘डीएचसीपी’ नावाचं पान शोधा. राउटर कोणत्या नंबरापासून कोणत्या नंबरापर्यंत प्लॉट वाटतो ते तिथे कळतं.

इथून दोन वाटा आहेत.

पहिली वाट, राउटरमध्ये आरक्षण. डीएचसीपीच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यायचा नंबर भरा. प्रिंटर ‘ऑटो’वरच ठेवायचा. राउटर दर वेळी त्याला तोच नंबर देतो. यात एक चकवा आहे: केबलचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा. केबल लावून वायफायच्या मॅकवर आरक्षण केलंत तर काहीच होणार नाही.

दुसरी वाट, प्रिंटरमध्येच नंबर पक्का करणं. प्रिंटरच्या मेनूत नेटवर्क, मग टीसीपी/आयपी किंवा आयपीव्ही४. तिथे ‘ऑटो’च्या जागी ‘मॅन्युअल’ किंवा ‘स्टॅटिक’ निवडा. ब्रदरमध्ये याच सेटिंगला ‘बूट मेथड’ म्हणतात. मग भरा:

आयपी ॲड्रेस: १९२.१६८.१.२००
सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
गेटवे: १९२.१६८.१.१
डीएनएस: गेटवेचाच नंबर, किंवा ८.८.८.८

पहिले तीन आकडे तुमच्या वहीतले घ्या, माझे उतरवू नका. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे नंबर सांगणारा. तो रिकामा ठेवला तर छपाई होते, पण ईमेलवर स्कॅन जात नाही.

या वाटेवरचा खड्डा असा: राउटर २ ते २५४ सगळेच प्लॉट वाटत असेल आणि तुम्ही प्रिंटरला मनानेच २०० दिला, तर एखाद्या दिवशी राउटर तोच २०० कुणाच्या लॅपटॉपला देऊ शकतो. मग प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. अशी अर्धवट चालणारी चूक शोधायला सगळ्यात जड जाते. म्हणून राउटरची वाटणी २ ते १९९ पर्यंत आखडून घ्या आणि २०० पासूनचे नंबर प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी यंत्र, सीसीटीव्ही यांच्यासाठी राखा. नंबर मोकळा आहे का ते बघायला प्रिंटर बंद करून त्या नंबराला पिंग करा, म्हणजे हाक मारून बघा (कसं ते पायरी ५ मध्ये). लगेच काळ्या खिडकीत ‘एआरपी’, एक जागा, ‘-ए’ (arp -a) टाइप करून यादीही बघा, कारण काही मोबाइल पिंगला उत्तर न देताही तो नंबर धरून बसलेले असतात.

मी कोणती वाट घेते? राउटरचा पासवर्ड हातात असेल तर पहिली. सगळे नंबर एका पानावर दिसतात. मात्र इंटरनेट कंपनी बदलली की राउटर बदलतो आणि आरक्षणं जातात. दुसऱ्या वाटेत प्रिंटर जुन्याच सेक्टरात बसून राहतो. कुठलीही वाट घेतली तरी राउटर बदलायच्या दिवशी ही पायरी पुन्हा करायची, हे वहीत लिहून ठेवा.

## ५. संगणकाला हात लावण्याआधी पिंग करा

काळ्या खिडकीत ‘पिंग’ (ping), एक जागा आणि प्रिंटरचा नवा नंबर टाका. ‘रिप्लाय फ्रॉम’ पुढे प्रिंटरचाच नंबर आणि शेवटी ‘टीटीएल’ दिसलं की रस्ता मोकळा.

नीट वाचा मात्र. कधी कधी ‘रिप्लाय फ्रॉम’ पुढे तुमच्या स्वतःच्या संगणकाचा नंबर येतो आणि त्यापुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. खाली हिशोबात ‘० टक्के लॉस’ लिहिलेलं असतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात प्रिंटर सापडलेलाच नसतो. मी यात पूर्ण संध्याकाळ घालवली आहे.

पिंग लागला की ब्राउझरमध्ये तोच नंबर टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडेल. कॅननमध्ये त्याला ‘रिमोट यूआय’ म्हणतात, एचपीमध्ये ‘एम्बेडेड वेब सर्व्हर’. छोट्या पडद्यावर बाण दाबत बसण्यापेक्षा पुढची सेटिंग इथून करणं फार सोपं. सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा आला तर दचकू नका. आपल्या ऑफिसातल्या यंत्राच्या पानावर तो येतोच.

## ६. संगणकांवर प्रिंटर जोडा

ड्रायव्हर प्रिंटर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोधयंत्रात वर येणाऱ्या ‘फ्री ड्रायव्हर’वाल्या पानांवर जाऊ नका.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’, ‘ॲड डिव्हाइस’. प्रिंटर यादीत आपोआप दिसेल आणि त्यावर क्लिक करायचा मोह होईल. थांबा. आपोआप सापडलेला प्रिंटर विंडोज अनेकदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाच्या पोर्टवर जोडतं आणि पुढे तो मधूनच ऑफलाइन दिसायला लागतो. त्याऐवजी ‘ॲड मॅन्युअली’ निवडा, त्यात आयपी ॲड्रेसने जोडायचा पर्याय घ्या, प्रकार ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ ठेवा आणि नंबर भरा.

आधीच जोडलेला प्रिंटर असेल तर तो काढायची गरज नाही. ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’ टॅबवर ‘ॲड पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, नवा नंबर. एका संगणकाला दोन मिनिटं लागतात. त्या २० तारखेला आठही संगणकांवर एवढंच करायचं होतं.

तरीही प्रिंटर चालू असताना ‘ऑफलाइन’ दिसला तर त्याच टॅबवर ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची खूण काढा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतं, उत्तर आलं नाही की त्याला बंद समजतं.

हिशोबाच्या ऑफिसांसाठी आणखी एक. विंडोजमध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. कुणी एकदा पीडीएफ बनवली की पुढची टॅलीची व्हाउचरं कागदावर न येता पीडीएफकडे वळतात. ती सोय बंद करा आणि डिफॉल्ट प्रिंटर हाताने ठरवा.

## ७. स्कॅनची सोय

संगणकातल्या फोल्डरमध्ये. ज्या संगणकात स्कॅन साठवायचे त्यालाही कायमचा नंबर हवा, नाहीतर तीच गोष्ट उलट बाजूने घडते. त्यावर ‘स्कॅन’ नावाचं वेगळं लोकल खातं काढा आणि त्याला पासवर्ड द्या. फोल्डर शेअर करून त्या खात्याला लिहायची परवानगी द्या. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मराठी नाव बरेच प्रिंटर वाचत नाहीत. नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ आहे का बघा, ‘पब्लिक’ असेल तर विंडोज दार बंद ठेवतं. आणि संगणक उघडायला तुम्ही जो चार आकडी पिन टाकता तो इथे चालत नाही. प्रिंटरला खात्याचा खरा पासवर्डच लागतो. बहुतेक जण इथेच अडकतात.

जुनी यंत्रं फोल्डरशी ‘एसएमबी १’ या जुन्या पद्धतीने बोलतात आणि विंडोजने २०१७ च्या शेवटापासून ती मुळात बंद ठेवली आहे. एखादा तंत्रज्ञ ती चालू करून देतो म्हणेल. नको म्हणा. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ विषाणू याच पद्धतीतल्या त्रुटीचा फायदा घेऊन जगभर पसरला आणि आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज त्याने विस्कटलं. प्रिंटरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) अद्ययावत करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर ईमेलवर स्कॅन घ्या.

ईमेलवर. जीमेल वापरत असाल तर सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’ (smtp.gmail.com), पोर्ट ५८७, सुरक्षा टीएलएस. नेहमीचा पासवर्ड टाकला तर तो नाकारला जातो. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ३० मे २०२२ पासून ती सवलत काढून घेतली. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, मग ‘ॲप पासवर्ड’ तयार करा आणि ती सोळा अक्षरं प्रिंटरमध्ये भरा. यासाठी कुणाचं खाजगी खातं न घेता ऑफिसचं वेगळं खातं काढा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर स्कॅनही जातो.

## ८. प्रिंटरला कुलूप

प्रिंटरचा कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड बदला. आमच्यासारख्या ऑफिसात पॅन, आधार, बँकेचे उतारे रोज या यंत्रातून जातात, आणि त्याच्या ॲड्रेस बुकमध्ये अशिलांचे ईमेल असतात.

‘घरून छपाई करता यावी’ म्हणून राउटरमध्ये पोर्ट ९१०० (छपाईचं काम ज्या दारातून प्रिंटरकडे येतं ते) इंटरनेटसाठी उघडून देणारे भेटतात. तसं करू देऊ नका. २०१८ च्या अखेरीस असेच इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो प्रिंटर शोधून एकाने त्यांच्यावर परस्पर कागद छापले होते.

## ९. यंत्रावर कार्ड लावा

काम झालं की पुठ्ठ्याच्या कार्डावर पाच ओळी लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवा: आयपी ॲड्रेस, गेटवे, मॅक ॲड्रेस, नंबर कुठे पक्का केला (राउटरमध्ये की प्रिंटरमध्ये) आणि तारीख. पासवर्ड कार्डावर नको, तो वहीत, आणि वही कपाटात.

मग एकदा मुद्दाम परीक्षा घ्या. सगळ्यांची कामं सेव्ह करून घ्या, राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा आणि प्रत्येक संगणकावरून एक पान छापा. आमच्याकडे ही परीक्षा दर वर्षी मे अखेरीस होते, पाऊस यायच्या आधी. आठ पानं बाहेर आली की त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंची वही शिवतो.